रन-फ्लॅट टायरचे पंक्चर

मोटारीचे वजन कोण पेलते? वर्गात विचारले तर ‘टायर’ असे उत्तर येते. खरे म्हणजे बहुतेक भार टायरमधील दाबाखालची हवा पेलते. ती गेली की टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, चेपते. रन-फ्लॅट टायरची साइडवॉल जाड, ताठ रबराची असते. म्हणून हवा गेल्यावरही तो साधारण ८० किलोमीटर धावू शकतो. वेग मात्र ताशी ८० किलोमीटरच्या आत हवा.

मग पंक्चर काढून तोच टायर पुन्हा का वापरू नये? आपण हिशेब करू. चाकाचा परीघ २ मीटर धरला तर ८० किलोमीटरमध्ये ४०,००० फेरे होतात. दर फेऱ्याला साइडवॉलचा प्रत्येक भाग एकदा वाकतो. वाकवताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करीत नाही. काही भागाची उष्णता होते. तिने रबर आणि आतले धागे कमकुवत होतात. खिळ्याचे भोक दिसते, ही इजा बाहेरून दिसत नाही. टायर रिमवरून उतरवून पाहिला तरी ती नजरेतून सुटू शकते.

म्हणूनच काही कंपन्या दुरुस्तीला साफ नकार देतात. काही परवानगी देतात, पण भोक लहान व नक्षीच्या भागात असेल आणि टायर हवेविना धावला नसेल तरच. बाहेरून चिकट दोरी ठोसून काम भागवणे आम्हाला धोक्याचे वाटते. भोक बुजते, साइडवॉल तपासलीच जात नाही. शिवाय ताठपणामुळे हवा गेल्याचे चालकाला कळतही नाही. त्यासाठी अशा गाड्यांत दाबावर लक्ष ठेवणारी, इशारा देणारी यंत्रणा असते. इशारा मिळाल्यावर गाडी किती धावली, हे दुकानदाराला आपणच सांगायचे असते.