ज्या गाण्यांना आधीच घर होतं

लखनौचं सरोजिनी नगर म्हणजे विमानतळ आणि कानपूर रोड. या रस्त्यानं उलटं शहरात गेलं, की पं. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९२६ साली उभं राहिलेलं संगीत महाविद्यालय लागतं. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी मागून आणून त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या. सरळ पुढे गेलं, की कानपूर. तिथल्या आयआयटीत राहुल राम रसायनशास्त्र शिकला. कॉर्नेलहून डॉक्टरेट घेऊन आला आणि नोकरी धरायची सोडून नर्मदा बचाओ आंदोलनात उतरला. १९९१ साली तो दिल्लीच्या एका बँडमध्ये बास गिटार वाजवू लागला. बँडचं नाव ‘इंडियन ओशन’.

सुश्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला यांच्या दोस्तीतून १९९० साली हा बँड जन्मला. पहिला अल्बम आला १९९३ मध्ये. पुढच्या वर्षी ड्रम्सवर अमित किलम आला आणि चौकडी पुरी झाली. रॉक म्हणावं तर मांडी घालून तबला वाजवता वाजवता गाणारा गायक समोर. शास्त्रीय म्हणावं तर शेजारी ड्रम्सचा दणका.

खरी ओळख पटली २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बमनं. शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवरचं. ‘मा रेवा’ राहुलनं आंदोलनाच्या दिवसांत नर्मदाखोऱ्यातून आणलेलं. ‘हिले ले’ गोरख पांडे यांच्या भोजपुरी शब्दांचं. बँड चालायचा तर आपली सही असलेलं गाणं हवं, असा या धंद्याचा रिवाज. यांनी मात्र दुसऱ्यांच्या दारातली गाणी आणली आणि ती कुठून आणली हे लपवलं नाही. भातखंड्यांनी मिळवलेलं लिहून ठेवलं, यांनी मिळवलेलं वाढवलं: दोन ओळींच्या लोकगीताला तालमीत इतकं घोळवायचं, की त्यात गिटारला आणि तबल्याला आपापलं बोलायला जागा व्हावी.

मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातलं ‘बंदे’ घराघरांत पोचलं. आणि २००९च्या नाताळच्या दिवशी असीम गेला. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात तालमी चालत, त्याचा पत्ताच पुढच्या अल्बमचं नाव झाला: ‘१६/३३० खजूर रोड’. २०१० पासून दर महिन्याला एक, अशी त्यातली सातही गाणी त्यांनी फुकट वाटली. त्यांत असीमचा आवाज होता.

२०१३ साली सुश्मितही बाहेर पडला. बँड मोडला नाही. गिटार निखिल रावकडे आली. ‘तंदानू’, मग ‘मसान’ चित्रपटाची गाणी आणि २०२३ मध्ये ‘तू है’. सूर उसने आणलेले असले, की ते पुढच्या हाती सोपवणंही जमत असावं.

असीमच्या जागेची गोष्ट मात्र निराळी. तिथे तबल्याला तुहीन चक्रवर्ती आले आणि गायला हिमांशू जोशी. एका माणसाच्या बैठकीवर आता दोघे असतात.