घोडा कोणाचा?

कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला तो दाखवतो. पाहुणा राणीची तलवार पाहतो, घोड्याचा आवेश पाहतो आणि मान डोलावतो. त्या घोड्याला सकाळी चंदी कोणी दिली, खरारा कोणी केला, असे विचारणारा पाहुणा आम्हांला अजून भेटायचा आहे. कामगार चळवळीत आयुष्य गेल्याने आमची नजरच तशी झाली असेल. पण माणसाचे घोड्याशी नाते काय, हे पाहायचे तर आरंभ खोगिरापासून न करता पागेपासून करावा, असे आमचे मत आहे.

शिवछत्रपतींच्या घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार होते. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सभासदाने आपल्या बखरीत पागेची सगळी रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा ही माणसेही राज्याच्या हिशेबात धरलेली होती, ही गोष्ट आम्हांला लढायांच्या वर्णनांइतकीच मोलाची वाटते.

आता हे दोन स्वार शेजारी शेजारी दौडत आहेत असे समजा. घोडे सारखे, धूळ सारखी. पण बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा पडला तर त्याचे भांडवल गेले, अब्रू गेली आणि चाकरीही धोक्यात आली. तेव्हा ऐन लढाईत एखादा शिलेदार घोड्याला जपू लागला, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी घोड्याची किंमत विचारावी. महाराजांनी पागेवर भर दिला आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवले, त्याचे मर्म आम्ही यात पाहतो.

इंग्रजांनी मात्र हीच शिलेदारी आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली, कारण ती स्वस्त पडे. शिपायाने घोड्यापोटी रक्कम भरायची. तिला ‘असामी’ म्हणत. शांततेच्या काळात हे चालून गेले. 1914 चे महायुद्ध आले, पलटणी समुद्रापार गेल्या, घोडे भराभर मरू लागले आणि शिपायाच्या पदरच्या पैशातून नवे घोडे उभे करणे अशक्य झाले. युद्धानंतर ती पद्धत मोडीत निघाली.

मालकीच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक गोष्ट होती, ती जात. तिचा दाखला आपल्याच गावचा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे कामाला होते. घोड्याची सेवा करायला त्यांचे हात चालत होते. पण मराठ्यांच्या पाण्याच्या हौदाला ते हात लागले म्हणून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना हॉटेल काढण्यास मदत केली. पुढे स्वतः तेथे गाडी थांबवून ते चहा घेत. ही चहाची हकीकत आपण सारे अभिमानाने सांगतो. तिची सुरुवात पागेत झाली, हे सांगायचे मात्र राहून जाते. घोडा निर्मळ असतो. त्याला खरारा करणाऱ्याची जात कळत नाही. जात कळते ती हौदावर उभ्या असलेल्या माणसाला.

आमच्या लहानपणी स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. घोडा रस्ता पाठ करी, चालकाच्या नुसत्या ‘च्यक्’ आवाजावर वळे. घोड्याचे पोट लहान. त्याला थोडे थोडे पण वारंवार खायला लागते, आणि गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून ते थांबत नाही. टांगा स्वतःचा असेल तर चालक आधी घोड्याला तोबरा लावी, मग स्वतः जेवे. भाड्याचा असेल तर संध्याकाळी मालकाला ठरलेली रक्कम द्यायची असे. मग लंगडणाऱ्या घोड्यालाही आणखी एक फेरी करावीच लागे. चाबूक चालकाच्या हातात दिसे एवढेच.

मुंबई उच्च न्यायालयाने जून 2015 मध्ये व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते, हे आम्ही नाकारत नाही. न्यायालयाने गाड्या बंद करण्यास वर्षाची मुदत दिली आणि चालकांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास सरकारला सांगितले. वर्तमानपत्रांत घोड्यांची छायाचित्रे पुष्कळ आली, चालकांची थोडी.

2021 साली त्याच घाटाच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत धावू लागल्या. चळवळीच्या कामासाठी तिकडे गेलो असता आम्ही एकीत बसलो आणि सवयीने चालकाला विचारले, “गाडी कोणाची?”

“कंपनीची,” तो म्हणाला. मग आम्ही पगाराचे विचारले, आणि बोलणे बराच वेळ चालले.