उसांबाराच्या कातळावरील फूल

घराच्या आत, छपराखाली, वीतभर जागेत वर्षातील बहुतेक काळ फुलत राहणारी वनस्पती क्वचितच आढळते. गुलाबाला उघडे आकाश लागते, मोगऱ्याला कडक ऊन लागते, शेवंती आपल्या ठरलेल्या ऋतूची वाट पाहते. या सर्वांहून निराळी अशी एक लहानशी वनस्पती आज जगातील असंख्य घरांत, खिडकीच्या आतल्या फळीवर सुखाने नांदत आहे. तिचे नाव आफ्रिकन व्हायोलेट. मखमलीसारखी लवदार पाने मातीलगत चक्राकार पसरलेली, त्यांच्या मधोमध जांभळ्या, गुलाबी वा पांढऱ्या फुलांचा लहानसा गुच्छ आणि प्रत्येक फुलाच्या मध्यभागी पिवळेधमक परागकोश, असे तिचे रूप असते.

व्हायोलेट हे नाव मात्र तिला केवळ रंगावरून मिळाले. युरोपात त्या नावाचे एक सुवासिक रानफूल आहे. त्याचे आणि हिचे काहीच नाते नाही. हिच्या फुलांना सहसा वासही नसतो. हिचे कुळ अगदी वेगळे असून, त्याच कुळातील काही नाजूक वनस्पती सह्याद्रीतही पावसाळ्याच्या दिवसांत ओल्या कातळाच्या कपारींत उगवतात.

या वनस्पतीचे माहेर पूर्व आफ्रिकेत आहे. टांझानिया देशाच्या ईशान्य भागात, हिंदी महासागरापासून फारशी दूर नसलेली उसांबारा नावाची डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या डोंगरांना अडतात, तेथे पाऊस व धुके देतात, आणि त्यामुळे तेथील अरण्ये हिरवीगार राहतात. त्या अरण्यांत उंच वृक्षांच्या दाट सावलीखाली, ओढ्यांच्या काठी, शेवाळाने माखलेल्या खडकांवर ही वनस्पती वाढते. तिला तेथे खोल माती मिळत नाही. कातळाच्या खाचेत साचलेला मूठभर पालापाचोळा हीच तिची जमीन.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश जर्मन सत्तेखाली होता. तेथील वॉल्टर फॉन सेंट पॉल नावाच्या एका अधिकाऱ्याला हे फूल दिसले आणि १८९२ च्या सुमारास त्याने ही वनस्पती जर्मनीत आपल्या वडिलांकडे धाडली. त्याच्यापूर्वीही काही युरोपीय संग्राहकांनी तिचे वाळलेले नमुने लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानाकडे पाठविले होते. परंतु त्या नमुन्यांवरून तिची नीट ओळख पटण्यासारखी नव्हती. सेंट पॉलच्या वडिलांनी आपल्याकडे आलेली वनस्पती हर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती सोपविली. हॅनोव्हर शहराजवळच्या राजोद्यानाचा तो संचालक होता. त्याने १८९३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व सेंट पॉल घराण्यावरून तिला सेंटपॉलिया असे नाव दिले. सुमारे सव्वाशे वर्षांनी, २०१५ मध्ये, शास्त्रज्ञांनी तिच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून तिला स्ट्रेप्टोकार्पस नावाच्या दुसऱ्या प्रजातीत घातले. बागकामाची आवड असणारे लोक मात्र जुनी नावे सहजासहजी सोडत नाहीत, आणि त्यांना त्याबद्दल फारसा दोषही देता येणार नाही.

जर्मनीतून ही वनस्पती इंग्लंडात व पुढे अमेरिकेत पोहोचली. लॉस एंजेलिस येथील एका रोपवाटिकेने १९२० नंतरच्या दशकात युरोपातून बी मागवून रोपे वाढविली आणि त्यांतून निवडलेले दहा उत्तम वाण विक्रीस काढले. त्यानंतर हौशी लोकांनी व रोपवाटिकांनी मिळून हजारो वाण निर्माण केले. दुहेरी पाकळ्यांचे, झालरीसारख्या कडांचे, बशीएवढे इवलेसे, असे कितीतरी प्रकार आज आढळतात. तथापि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ त्या आरंभीच्या थोड्याशा रोपांपर्यंतच जाऊन भिडते.

ही वनस्पती नाजूक आहे, ती लवकर मरते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचा तो कातळ ज्याने लक्षात ठेवला त्याला ही तक्रार करावी लागत नाही. अरण्यात उन्हाचा झोत तिच्या अंगावर कधी थेट पडत नाही. पानांपानांतून गाळून आलेला उजेड तिला मिळतो. म्हणून तिची कुंडी पूर्वेच्या वा उत्तरेच्या खिडकीजवळ ठेवावी. दुपारच्या उन्हात पाने फिकी पडतात व त्यांच्या कडा करपतात. याउलट, उजेड कमी पडला तर देठ लांबतात, पाने वर मान करून उजेड शोधू लागतात आणि फुले येतच नाहीत. कुंडीवर हात धरून पाहावा. हाताची पुसट सावली पानांवर पडली तर उजेड योग्य समजावा. रात्री मात्र तिला अंधार हवा. जी खोली मध्यरात्रीपर्यंत दिव्यांनी उजळलेली असते तेथे ती नीट फुलत नाही.

खाचेतल्या मूठभर पाल्यात वाढणाऱ्या या वनस्पतीची मुळे बारीक व उथळ असतात. मोठी कुंडी दिली तर मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते व आंबते. पानांचा घेर जेवढा असेल त्याच्या एक-तृतीयांश रुंदीची कुंडी पुरे. मातीही शेतातल्यासारखी चिकण नसावी. कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा भुसा व थोडी जाड वाळू यांचे भुसभुशीत मिश्रण करावे.

परंतु या वनस्पतीचे खरे मरण आहे ते पाण्यात. कातळावर पाऊस पडतो, शेवाळ भिजते आणि उरलेले पाणी लगेच खाली निथळून जाते. मुळांना ओलावा मिळतो व हवाही मिळते. कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतले तर मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. यातील कठीण गोष्ट अशी की, मुळे कुजली म्हणजे ती पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून भोवती पाणीच पाणी असूनही रोप तहानेने मान टाकते. पाहणाऱ्याला वाटते की रोप सुकले, आणि तो आणखी पाणी ओततो. अशा रीतीने दुर्लक्षापेक्षा मायेनेच अधिक रोपे दगावतात. पान लुळे दिसले की आधी मातीला बोट लावावे. माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे. ओली असेल तर रोप हलक्या हाताने उपसून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरट असतात; कुजलेली मुळे तपकिरी व लिबलिबीत होतात.

पाणी देण्याची चांगली रीत अशी : कुंडी बशीत ठेवून बशीत पाणी घालावे. तळाच्या छिद्रातून माती आपल्याला हवे तेवढे पाणी ओढून घेते. अर्ध्या तासाने बशीत उरलेले पाणी टाकून द्यावे. पाणी खोलीतल्या हवेइतकेच उबदार असावे. माठातले गार पाणी पानांवर पडले तर त्या जागी पिवळट डाग उमटतात व ते पुन्हा जात नाहीत. कारण एकाएकी थंडावा लागल्याने पानाच्या आतील पेशींना इजा होते. पानांवर धूळ बसली तर ती मऊ कुंचल्याने झाडावी. अठरा ते चोवीस अंश सेल्सिअस उष्णता तिला मानवते. महाराष्ट्रातील बऱ्याच भागांतला वैशाख तिला जड जातो; त्या दिवसांत घरातील सर्वांत थंड, पण उजेडाची जागा तिला द्यावी आणि फुलांची अपेक्षा धरू नये.

हिच्या एका पानापासून नवे रोप करता येते. पानफुटीचे पान मातीवर पडले की त्याच्या कडांना रोपे फुटतात, हे पुष्कळांनी पाहिलेले असते. येथे रोप कडेला न फुटता देठाच्या टोकाला फुटते. निरोगी पान देठासह खुडून, देठ साधारण तीन सेंटिमीटर ठेवून तिरका कापावा व ओलसर, भुसभुशीत मिश्रणात खोचावा. महिन्याभरात त्याला मुळे फुटतात. आणखी काही आठवड्यांनी मातीतून उंदराच्या कानाएवढी चिमुकली पाने डोके वर काढतात. ती पुरेशी मोठी झाली की एकेक रोप वेगळे करून लावावे. एका पानापासून अनेक रोपे मिळतात. म्हणून ही वनस्पती विकत घेण्यापेक्षा शेजारणीकडून मागून आणण्याचीच चाल अधिक पडली.

अशी पानापासून झालेली रोपे मूळ रोपासारखीच असतात. त्याच रंगाची फुले, तोच आकार, आणि रोगापुढे तोच दुबळेपणाही. नवे गुण बियांतून येतात. एका रोपाचा पराग दुसऱ्या रोपाला मिळाला तरच दोघांचे गुण एकत्र होतात. अरण्यात हे काम माश्या करतात. या फुलात मध नसतो, आणि पिवळ्या परागकोशांतला पराग सहज सांडतही नाही. मधमाश्यांच्या जातीची एक माशी फुलाला बिलगते व आपल्या अंगाचे स्नायू अशा वेगाने थरथरविते की, त्या गुंजारवाने परागकोश हादरून त्यांतून पराग उडतो. वांग्याच्या फुलातील परागही अशाच रीतीने निघतो. बंद खिडकीत ही माशी येत नाही. तेथे बी धरायचे असेल तर मनुष्यालाच कुंचला घेऊन माशीचे काम करावे लागते.

म्हणून घरोघरी लाखो कुंड्या असल्या, तरी त्या अरण्यातील रोपांची जागा घेऊ शकत नाहीत. कोणत्या कातळावरील रोप दुष्काळ सोसते, कोणते थंडी सोसते, हे गुण तेथेच साठलेले आहेत. आणि तो साठा आटत चालला आहे. उसांबाराच्या डोंगरांत इमारती लाकडासाठी वृक्ष तोडले गेले, चहाचे मळे उठले, वेलचीच्या लागवडीसाठी दाट रान विरळ झाले. खडकाला कोणी हातही लावत नाही. फक्त वरचा वृक्ष जातो. मग ऊन थेट खाली उतरते, शेवाळ वाळते आणि त्यावरील रोपे एका उन्हाळ्यात नाहीशी होतात. अरण्यात राहणाऱ्या लोकांनाही शेत व सरपण लागते, त्यामुळे हा प्रश्न केवळ बंदी घालून सुटण्यासारखा नाही.

पूर्व उसांबारातील आमानी येथे १९९७ मध्ये राखीव अरण्य स्थापन झाले असून त्यात या वनस्पतीच्या काही वस्त्या सुरक्षित आहेत. इतर काही जातींचा आधार फारच तुटपुंजा आहे. शेजारच्या केनिया देशातील तैता टेकड्यांमध्ये हिची एक जात आढळते. तिचे घर म्हणजे एम्बोलोलो नावाच्या एकाच डोंगरावरचे अरण्य.