गोड पेल्याचा हिशेब

सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात डोकेदुखी, पोटातली जळजळ आणि उलट्या यांचे एक-दोन रुग्ण ठरलेले असतात. चौक हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या बाजूला. आसपास फार्म हाऊसेस वाढली आणि शनिवार-रविवारच्या पार्ट्याही वाढल्या. पूर्वी विचारले की रुग्ण सरळ सांगत, "डॉक्टर, तीन पेग झाले." आता सांगतात, "डॉक्टर, दारू अशी नव्हतीच. नुसती गोड गोड कॉकटेल्स होती." या 'नुसत्या गोड गोड'चा समाचार घ्यावा म्हणून आजचा विषय.

लिक्युअर म्हणजे साखर घातलेले, फळे, बिया, साली किंवा वनस्पती मुरवलेले मद्य. युरोपातल्या नियमानुसार त्यात लिटरला साधारणपणे किमान 100 ग्रॅम साखर असावीच लागते. 'क्रेम' नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकारांत ती किमान 250 ग्रॅम असावी लागते, म्हणजे 30 मिलीच्या घोटात निदान दीड चमचा साखर. मद्यार्काचे प्रमाण मात्र सर्वांत सारखे नसते. दुधाच्या सायीचे आयरिश लिक्युअर 17 टक्क्यांचे, संत्र्याच्या सालीचे 40 टक्क्यांचे, तर फ्रान्समधल्या कार्थुशियन मठवासीयांचे हिरवे शारत्रूज 55 टक्क्यांचे, म्हणजे आपल्या व्हिस्की-रमपेक्षाही जहाल. जीभ साखर ओळखते, सुगंध ओळखते. टक्के ओळखणे तिचे काम नव्हे.

म्हणून हिशेब कागदावर करावा. आपल्याकडची रम किंवा व्हिस्की 42.8 टक्क्यांची. 30 मिलीच्या लहान पेगात सुमारे 13 मिली मद्यार्क, त्याचे वजन 10 ग्रॅम. हे 10 ग्रॅम आपले एकक धरू. निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क निकाली काढते. लिंबू, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली 8 टक्क्यांची असेल तर तिच्यात 40 ग्रॅम, म्हणजे चार लहान पेग. 'लाँग आयलंड आइस्ड टी' या प्रसिद्ध कॉकटेलमध्ये चहाचा थेंब नसतो. व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याचे लिक्युअर प्रत्येकी 15 मिली घातले तरी एका पेल्यात 24 ग्रॅमच्या आसपास मद्यार्क जातो, आणि वरून कोलाची गोडी.

गेल्या मे महिन्यात आम्ही सहा शाळूसोबती एका मित्राच्या बागेत जमलो होतो. सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. यजमानांना नवनवे प्रयोग करण्याची हौस. एकाच्या मुलाने परदेशाहून ते हिरवे शारत्रूज आणले होते, दुसऱ्याने गोव्याहून काजूची फेणी आणि उर्राक. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तिची प्रतिष्ठा वाढली आहे. उर्राक ही काजूच्या रसाची पहिली धार. ती हंगामापुरतीच मिळते आणि साधारण 15 टक्क्यांची असते. लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातली की सरबतच वाटते, आणि लोक ती सरबतासारखीच पितात. मीही एक पेला घेतला. चव खरोखर छान होती, खोटे कशाला सांगू?

बाकीच्या प्रयोगांपैकी कोकमाच्या आगळातली फेणी सर्वांना पसंत पडली. कैरीच्या पन्ह्यात जिन बरी लागली. सोलकढीत घातलेली व्होडका मात्र पाच मिनिटांत फाटली आणि तुळशीऐवजी केळीच्या बुंध्याशी गेली. एका महाभागाने घरून द्राक्षासवाची बाटली आणली होती, ते त्याने रममध्ये ओतले. "औषधच आहे की," हे त्याचे समर्थन. आसव-अरिष्टांत धायटीच्या फुलांनी आंबवून तयार झालेला मद्यार्क असतो, साधारण 12 टक्क्यांपर्यंत. चरकसंहितेत चौऱ्याऐंशी आसवांची गणती आहे, आणि त्याच ग्रंथात अतिमद्यपानाच्या विकारांवर 'मदात्यय' नावाचा स्वतंत्र अध्यायही आहे. शारत्रूजचीही सुरुवात औषधी अर्क म्हणूनच झाली. त्यात 130 वनस्पती असतात असे ते मठवासी सांगतात. वनस्पती मद्यार्कात टिकतात आणि कडू काढा गोड करून घशाखाली उतरतो, हे आपल्या वैद्यांना आणि त्या मठवासीयांना सारखेच कळले होते. पण वैद्य आसव चमच्याने देतो. पेल्याने घेतले की वनस्पती कितीही असोत, यकृताला मोजावा लागतो तो मद्यार्कच.

आमच्यातले एक निवृत्त मास्तर बारा वर्षांचे मधुमेही. ग्लिमेपिराइडची संध्याकाळची गोळी त्यांनी वेळेवर घेतली होती, जेवण मात्र 'सावकाश' ठरले होते. त्यांनी उर्राक घातलेला मोठा पेला घेतला आणि नंतर कोकम व शारत्रूज एकत्र केलेला एक. साडेनऊच्या सुमारास ते गप्प झाले. कपाळावर घाम, बोलणे जड, हात किंचित थरथरत होते. "मास्तरांना चढली रे!" म्हणून हशा झाला. मी त्यांच्याच पिशवीतले यंत्र काढून बोटातले रक्त तपासले. साखर 52.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग भाकरी आणि डाळ खायला लावली. अर्ध्या तासात मास्तर पूर्ववत बोलू लागले आणि पहिला प्रश्न विचारला, "अरे, एवढे गोड प्यायलो, मग साखर उतरली कशी?"

या प्रश्नासाठीच हा प्रसंग सांगितला. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. मद्यार्क आला की यकृत आधी त्याचा निकाल लावू लागते आणि नवी साखर तयार करणे मंदावते. पेल्यातल्या साखरेने सुरुवातीला आकडा वर जातो, पण ती लवकर ओसरते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र आपले काम चालूच ठेवतात. त्यामुळे घसरण काही तासांनी, कित्येकदा पहाटे झोपेत होते. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे नशेसारखीच दिसतात आणि तोंडाला वास येत असल्याने कोणी शंका घेत नाही. त्या रात्री दोन वाजता मी मास्तरांना उठवून पुन्हा साखर पाहिली.

सकाळी औषधाच्या बाटलीचे मापाचे टोपण घेऊन त्यांच्या दोन पेल्यांचा हिशेब केला. उर्राक 120 मिली म्हणजे 14 ग्रॅम, शारत्रूज 45 मिली म्हणजे 19 ग्रॅम. दोन पेल्यांत साडेतीन पेगच्या जवळपास. साधारण बांध्याच्या माणसाने रिकाम्या पोटी घाईने दोन लहान पेग घेतले तरी 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आमच्यापैकी कोणी रात्री गाडी काढली नाही, कारण किल्ल्या वहिनींनी आधीच ताब्यात घेतल्या होत्या.

जुलाबावर दिलेली मेट्रोनिडाझोल, झोपेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी असल्या बैठकीत सरबतच घ्यावे. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनीही. थोडी दारू हृदयाला चांगली, हे ऐकीव ज्ञान आता टाकून द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट म्हटले आहे की, मद्याचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही. तोंड, अन्ननलिका, यकृत आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे.

राहिला तो प्लॅस्टिकचा कॅन. "अस्सल मोहाची आहे, एकदा चव तर बघा," म्हणून कोणीतरी तोही त्या रात्री आणला होता. तो मी उघडू दिला नाही. मोहाच्या फुलांना मी दोष देणार नाही. आपल्या भागातले ठाकूर-कातकरी ही फुले वाळवून खातही आले आहेत, आणि इंग्रजांनी 1892 साली खास कायदा करून ती गोळा करण्यावर बंधने घातली तो अबकारी उत्पन्नासाठी. 2018 पासून गोव्यात मोहाचे मद्य आणि लिक्युअर रीतसर बाटलीत, टक्के छापून विकले जाऊ लागले. पण बिनलेबलाच्या कॅनमध्ये वाटेत कोणी काय मिसळले ते कळत नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलमुळे. हा औद्योगिक मद्यार्क चवीला आणि वासाला नेहमीच्या मद्यार्कासारखाच असतो. काडी लावून निळी ज्योत पाहण्याची परीक्षाही कुचकामी आहे.

मिथेनॉलचे विष लगेच जाणवत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होण्यास बारा ते चोवीस तास, कधी अधिकही लागतात. दुसऱ्या दिवशी पोटात कळा, उलट्या, धाप, आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसणे सुरू झाले तर ती उतरलेली दारू समजून झोपू नये. 108 ला दूरध्वनी करून डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठावे, उरलेले द्रव्य सोबत न्यावे, आणि त्याच कॅनमधून आणखी कोण कोण प्यायले त्यांनाही, त्रास नसला तरी, बरोबर न्यावे.