औषधाच्या ॲपमध्ये नफा कुठे?

ऑनलाइन औषधं विकणारी गुरुग्रामची ‘वन एमजी’ 2015पर्यंत ‘हेल्थकार्टप्लस’ या नावाने चालायची. जून 2021मध्ये टाटा डिजिटलने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. शेअर बाजारात तिची नोंदणी नाही.

खरी अडचण मार्जिनची. किंमत-नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के, घाऊक व्यापाऱ्याला 8 टक्के. सवलत, पॅकिंग, घरपोच पाठवणी आणि जाहिरात, सगळं त्यातूनच भागवायचं. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या दरमहा मागवणारं गिऱ्हाईक टिकलं तर काही हाती लागतं. तापाच्या गोळ्यांची एक पट्टी मागवणारं बहुधा तोट्याचंच.

त्यात कायद्याची टांगती तलवार. ई-फार्मसी नियमांचा मसुदा ऑगस्ट 2018चा. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली.

याच धंद्यातल्या मुंबईच्या फार्मईझीची गोष्ट तर डोळे उघडणारी. 2021मध्ये तिने थायरोकेअर या रक्ततपासणी कंपनीचा 66.1 टक्के हिस्सा 4,546 कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, त्याच वर्षी 6,250 कोटींच्या आयपीओसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट 2022मध्ये तो मागे घेतला. पुढच्या वर्षी हक्कभाग काढले, तेही आधीच्या भावाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याने!

याउलट, 1949पासून रक्त-लघवी तपासणारी डॉ. लाल पॅथलॅब्ज डिसेंबर 2015मध्ये 550 रुपयांच्या भावाने बाजारात आली, ती नफ्यात असतानाच.

कुणी औषधाच्या ॲपवाल्या कंपनीचे ‘अनलिस्टेड’ शेअर गळ्यात मारू लागला, तर ॲपच्या डाउनलोडचे आकडे बाजूला ठेवा आणि आधी ताळेबंद मागा.