आडनाव झाका, मग गुणवत्ता पाहा!

तेलगावला साखर कारखाना आहे. तरीही बीड जिल्ह्यातील हजारो मजूर दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता हवा असला की मुकादम उचल घेऊन थेट दारात येतो. मार्केटिंगची नोकरी मात्र त्या दारात येत नाही. कंपन्या म्हणतात, कुशल माणसे मिळत नाहीत. आम्ही विचारतो, शोधता कुठे? ओळखीपाळखीत आणि मोठ्या शहरांतल्या ठरावीक कॉलेजांतच ना?

डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास डोळे उघडणारा आहे. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, नावे तेवढी वेगळी. दलित नावांच्या अर्जांना प्रतिसाद कमी मिळाला. मग हरली कोण, गुणवत्ता की आडनाव?

उपाय साधा आहे. जाहिरात जिल्ह्याच्या वृत्तपत्रात द्या, पगार आणि प्रवासखर्च त्यात छापा. नाव झाकून अर्ज तपासा. मुलाखतीत घराण्याची चौकशी नको; उमेदवाराला माल विकून दाखवायला सांगा. शेतकऱ्याला बियाणे विकायचे तर त्याची भाषा आणि त्याची अडचण जाणणारा माणूस लागतो. असा माणूस तेलगावात नाही, असे शोधण्याआधीच कोणी म्हणू नये.