आजीबाईचा बटवा: गुण औषधाचा की दिवसांचा?

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरगुती औषधांनी खरंच गुण येतो का? कुणाला 'हो' ऐकायचं होतं, कुणाला 'सगळं थोतांड' असं ऐकायचं होतं. आम्ही दोघांनाही थोडं नाराज करणार आहोत. कारण आजीच्या बटव्यात एक औषध नसतं, वीस-पंचवीस असतात, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो.

आधी एक साधी गोष्ट बघू. सर्दीबद्दल आपल्याकडे गमतीने म्हणतात की औषध घेतलं तर सात दिवसांत बरी होते, आणि नाही घेतलं तर आठवड्यात. आता आपण काढा कधी घेतो? पहिल्या शिंकेला नाही. नाक चोंदलं, डोकं जड झालं, अगदी नको झालं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घेतो. तेव्हा आजार कळसाला पोचलेला असतो आणि तिथून तो उतरणारच असतो. दोन दिवसांनी बरं वाटतं आणि श्रेय काढ्याला जातं. काढ्याने घशाला ऊब मिळते, हे खरंच आहे. पण आजार घालवला कुणी? बहुतेक वेळा दिवसांनी. म्हणून 'मला गुण आला' हा अनुभव खोटा नसतो, फक्त तो पुरावा म्हणून पुरत नाही.

मग पुरावा कसा मिळतो? सारख्याच आजाराची माणसं घ्यायची, काहींना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि दोन्हीकडे काय होतं ते मोजायचं. खोकल्यावर मध देऊन असं मोजून पाहिलेलं आहे. मुलांचा रात्रीचा खोकला मधाने काहीसा कमी होतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2018 साली साध्या खोकल्यासाठी आधी मध घेऊन बघा, असा सल्ला दिला. म्हणजे इथे आजीला पैकीच्या पैकी. फक्त एक अट, आणि ती कडक आहे: एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. घुटी देताना हे लक्षात ठेवा.

आता हळद. हळदीची लढाई आपल्याला माहीत आहे. 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतले दाखले पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण त्या निकालाने नेमकं काय सिद्ध झालं? हळदीचा हा वापर नवा नाही, एवढंच. ती किती गुणकारी आहे, हा वेगळा प्रश्न आहे. जुनं असणं आणि लागू पडणं या दोन गोष्टी आपण सारख्या एकात मिसळतो.

हळदीतला मुख्य घटक कर्क्युमिन. तो हळदीच्या वजनाच्या साधारण तीन टक्के असतो. दुधातल्या अर्ध्या चमचा हळदीत तो भरतो पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास. त्याचे प्रयोग होतात ते बहुधा दिवसाला पाचशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रेवर, आणि तरीही तो रक्तात फार थोडा उतरतो. म्हणून हळदीचं दूध जरूर प्या, झोपायच्या आधी छान वाटतं. त्याच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नका.

सगळ्यात जोरदार घरगुती औषध कोणतं, माहिती आहे? मीठ-साखर-पाणी! 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन अपुरं पडलं. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. शंभरातले जवळजवळ तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. कारण आतडं मीठ आत घेतं तेव्हा साखर सोबत लागते आणि पाणी त्यांच्या मागोमाग येतं. पण माप सोडायचं नाही: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढलं तर तेच पाणी बाळाला घातक ठरतं.

आता जिथे जीव जातो ते सांगतो. कावीळ. गावोगावी कावीळ 'उतरवून' देतात. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं आणि आपण म्हणतो, निघाली कावीळ! ती साल आणि चुन्याची करामत आहे. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. मग लोक बरे कसे होतात? दूषित पाण्यातून होणारी बरीचशी कावीळ काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पण सगळी नाही. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस-ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. कधी कावीळ पित्तनलिकेतल्या खड्याने असते, कधी गाठीने. तिथे उतरवण्यात गेलेला आठवडा परत मिळत नाही. अशा वेळी झाडपाल्याने थेट अपाय झाला नाही तरी वेळ जातो, आणि तोच महागात पडतो.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना?)

चांगला प्रश्न. धोतराही नैसर्गिकच आहे, नाही का? ज्यात गुण करण्याची ताकद असते, त्यात अपायाचीही असू शकते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असू शकेल असं म्हटलं. पण बघा, अंगणातली वेल ओळखण्यात आपलीही चूक होऊ शकतेच की!

तेव्हा घरी जाताना तीन प्रश्न बरोबर न्या. हा आजार आपोआप बरा होणारा आहे का? यात नेमकं काय आहे आणि किती? आणि मी हे घेत बसलो तर काय करायचं राहून जाईल? साध्या सर्दीला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काही नाही' असं येतं, खुशाल काढा घ्या. पण डोळे पिवळे झाले, श्वास लागला, ताप उतरेना, माणूस गुंगीत जायला लागला, तर बटवा बाजूला ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. आणि काढा घेत असाल तर डॉक्टरांना तो सांगायचा, लपवायचा नाही.